एक डॉक्टर म्हणतात हाड भरपूर आहे, दुसरे स्कॅन मागतात. इम्प्लांटसाठी कोणाचं ऐकू?

तुम्ही विचारलंय ते असं: आईंचं वय ६२, खालच्या उजव्या दोन दाढा आठ वर्षांपूर्वी काढल्या, आता तिथे इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचे स्क्रू, बसवायचे आहेत. एका डॉक्टरांनी ओपीजी बघून 'हाड भरपूर आहे, या आठवड्यात बसवू' म्हटलं, दुसऱ्यांनी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे हाडाची उंची-रुंदी दोन्ही दाखवणारा थ्रीडी एक्स-रे, काढून आणायला सांगितलं. दुसरे उगाच खर्चात पाडताहेत का?

मी कोल्हापुरात अठरा वर्षं दातांची प्रॅक्टिस करतोय. दुसऱ्यांचं ऐका.

ओपीजी हा जबड्याचा सपाट एक्स-रे फोटो. त्यात उंची दिसते, तीही बऱ्याचदा २०-३० टक्के फुगलेली. रुंदी दिसतच नाही, आणि दाढ काढल्यावर आधी जाते ती रुंदीच. पहिल्या वर्षभरात हाडाचा कठडा जवळजवळ निम्म्याने अरुंद होऊ शकतो, त्यातही बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांत. आईंची तर आठ वर्षं गेलीत. ४ मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटला दोन्ही अंगांना दीड-दीड मिलिमीटर हाड राहायला हवं, म्हणजे रुंदी ७ तरी लागणार. ओपीजीत भरदार दिसलेलं हाड हिरडी उघडल्यावर विळीच्या पात्यासारखं निघालेलं मी पाहिलंय.

आता नस. खालच्या दाढांच्या मुळांखालून, हाडातल्याच एका बोगद्यातून ती जाते आणि पुढे उपदाढांजवळच्या भोकातून बाहेर पडून ओठाला नि हनुवटीला स्पर्श कळवते. तिच्यापासून २ मिलिमीटर लांब राहायचं, हा नियम. समजा नसेच्या वर ११ मिलिमीटर हाड आहे, तर वापरायला उरलं ९. पण ड्रिलचं टोक खुणेच्याही थोडं पुढे जातं, म्हणून मी तिथे ८ मिलिमीटर लांबीचाच इम्प्लांट घेतो.

हे टोकाचं गणित उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या एका टर्नर पेशंटला मला समजवावंच लागलं नाही. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ड्रिलच्या पॉइंटची लांबी धरलीया न्हवं? आणि कूलंट?" माझा कूलंट म्हणजे गार सलाइनची धार. हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी इजा होते, मग टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव होत नाही. खालचं हाड घट्ट, त्यामुळे तापतंही लवकर. मटणाची नळी आठवा: भोवती टणक कवच, टोकाला फोडली की आत जाळी. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला कवच जास्त, वरच्या मागच्या दाढांकडे बहुतेक जाळीच, आणि तिथे वर सायनसची पोकळी. पण तुमचा प्रश्न खालचा आहे, तो विषय सोडतो.

स्कॅनबद्दल मी एवढा हट्टी का, तेही सांगतो. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी ओपीजीवर मापं घेऊन मी खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवला. रात्री त्या बाईंचा फोन आला, "इंजेक्शन अजून उतरलं नाही हो, चहा ओठावरून सांडतोय, कळत पण नाही." सकाळी बोलावलं, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा ओठावरून फिरवला. उजवीकडे काहीच कळत नव्हतं. इम्प्लांट तिथल्या तिथे काढला. आधी मुंग्या, मग हळूहळू स्पर्श, असं करत संवेदना यायला तीन महिने गेले. त्या एकदाही चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, उलट मलाच धीर देत होत्या. ते जास्त लागलं.

तिसरी जागा जिभेकडची. हात स्वच्छ धुऊन बोट खालच्या दाढांच्या आतल्या बाजूने खाली सरकवा. बऱ्याच जणांना एक कड लागते आणि तिच्याखाली हाड आत दबलेलं जाणवतं. सरळ खाली गेलेला ड्रिल या खळग्यात बाहेर निघू शकतो. तिथली रक्तवाहिनी फुटली तर जिभेखाली सूज येऊन श्वासाची वाट अडू शकते. क्वचित घडतं, पण ओपीजीत हा खळगा दिसणारच नाही.

एक गोष्ट दोन्ही डॉक्टरांनी विचारली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आईंना हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू आहे का? असेल तर आधी सांगाच, या औषधांमुळे जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. साखरेचा एचबीएवनसी रिपोर्टही न्या. आणि मिश्री. आपल्याकडच्या बायका 'तंबाखू खाता का' विचारलं की नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या हिशेबात तंबाखूत धरत नाहीत.

स्कॅनमध्ये हाड कमी निघालं तरी मार्ग बंद होत नाही. ६ मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट असतात, हाड भरता येतं, नाहीतर काढघालीची कवळी आहेच.

स्कॅन झाला की सीडी मागून घ्या आणि डॉक्टरांच्या शेजारी बसून उभ्या छेदावर तीन गोष्टी दाखवायला सांगा: रुंदी, नसेपर्यंतचं अंतर, जिभेकडचा खळगा. पहिले डॉक्टर तोच स्कॅन बघून काम करायला तयार असतील, तर त्यांच्याकडे करायलाही माझी हरकत नाही.