मुदत खरेदी की ताबेगहाण? १९३४ च्या कागदावरचा आजचा हक्क

प्रश्न (शिरूर तालुक्यातील वाचक): पणजोबांनी १९३४ साली बाजारपेठेतल्या किराणा-आडत दुकानदार सावकाराला ६०० रुपयांत ४ एकर २० गुंठे जिरायत लिहून दिली. घरात मोडी कागदाची झेरॉक्स आहे. वडील 'मुदत खरेदी, मुदत दहा वर्षे' एवढेच सांगत. जमीन तेव्हापासून सावकाराकडे. जुन्या उताऱ्यावर इतर हक्कात 'ताबेगहाण' (जमिनीचा ताबा देऊन केलेले गहाण) होते. १९६८ च्या फेरफाराने ते कमी होऊन सावकाराच्या मुलाचे नाव कब्जेदार सदरी आले. आता नातू प्लॉटिंगवाल्याला जमीन देतोय, पेपरात जाहीर नोटीसही आली. ६०० रुपये भरून जमीन सुटेल का? आधी फेरफार दुरुस्त करून घ्या, असे एक जण सांगतो.

उत्तर: फेरफाराच्या मागे लागू नका. महसुली नोंदीने मालकी येत नाही आणि जातही नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती फक्त उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. १९६८ ची नोंद आज प्रांतांकडे अपिलात नेलीत, तर विलंबमाफीच्या अर्जावरच दोन-तीन वर्षे जातील आणि तोवर तिथे प्लॉट पडलेले असतील. तुमचा निकाल त्या मोडी कागदातल्या चार-पाच वाक्यांवर आहे, आणि तो कागद तुम्ही अजून धड वाचून घेतलेला नाही.

झेरॉक्स बाजूला ठेवा. शंभर रुपयांवरचे गहाण नोंदणीशिवाय होत नाही, म्हणजे दस्त दुय्यम निबंधकाच्या पुस्तकात असणारच. तारीख पक्की नसेल तर नावाच्या आणि मिळकतीच्या सूचीत १९३३ ते १९३५ असा शोध घ्या आणि प्रमाणित नक्कल काढा. शोधताना जुना सर्व्हे नंबर लागेल, गट नंबर चालणार नाही. गट एकत्रीकरणात पडले; कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला हे भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यावर मिळेल. हा दुवा जुळला नाही तर 'दाव्यातली मिळकत हीच' हे शाबीत होत नाही, आणि चांगले दावे इथेच पडतात. नक्कल हाती आली की जाणकार मोडी वाचकाकडून शब्दशः लिप्यंतर करून घ्या आणि तसे त्याचे प्रतिज्ञापत्र घ्या. सारांश चालत नाही.

आता कागदात काय शोधायचे ते सांगतो. 'दहा वर्षांत रुपये न दिल्यास हीच खरेदी कायम समजावी' असे वाक्य असेल तर ती मुदत खरेदी, म्हणजे अटीच्या खरेदीच्या रूपातले गहाण. १९२९ च्या दुरुस्तीपासून नियम असा, की जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात असेल तरच ते गहाण. खरेदीखत एक आणि परतीचा करार वेगळ्या कागदावर असेल तर ती निव्वळ खरेदी. समजा अट त्याच दस्तात आहे. तरी सोडवण्याचा हक्क १९४४ ला सुरू झाला. १९०८ च्या मुदत कायद्यात त्याला ६० वर्षे होती, म्हणून कुणी तुम्हाला २००४ सांगेल. ते चूक आहे. १९६३ च्या कायद्याने ही मुदत ३० वर्षांवर आणली, म्हणजे हक्क १९७४ लाच संपला. मधल्या काळात सावकाराने सहीनिशी 'ही जमीन आमच्याकडे गहाण आहे' असे लिहून दिले असेल तर त्या तारखेपासून नवी ३० वर्षे मोजतात. पण ते लेखी कबूल मुदत संपण्याआधीचे हवे, आणि नवी ३० वर्षेही आज उरलेली हवीत.

उलट कागदात 'रुपये फिटेपर्यंत जमीन ताब्यात ठेवून उत्पन्न व्याजात खावे' असे असेल तर ते ताबेगहाण, आणि मग चित्र पालटते. सिंग राम विरुद्ध शिव राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले, की ताबेगहाणात ३० वर्षे दस्ताच्या तारखेपासून मोजायची नाहीत. उत्पन्नातून रक्कम फिटली, किंवा उरलेली रक्कम दिली अथवा कोर्टात भरली, तेव्हापासून मोजायची. पण एक खाच आहे. उत्पन्न फक्त व्याजात असेल तर मुद्दल आपोआप फिटत नाही, तुम्ही भरेपर्यंत घड्याळ चालूच होत नाही. 'मुद्दल व व्याज उत्पन्नातून वसूल करावे' असे असेल तर सावकाराची वसुली कदाचित पन्नासच्या दशकातच पुरी झाली असेल. मग ३० वर्षे तेव्हाच सुरू झाली आणि संपलीही. ज्या वाक्याने पणजोबांना दिलासा दिला, त्यानेच पणतवंडांचा दावा मुदतबाह्य होतो. दोन्ही तऱ्हांची वाक्ये एकाच दस्तात असतील तर समोरचा वकील मिश्र गहाण म्हणून मुदतीचा मुद्दा काढणार हे धरून चाला.

'ताबेगहाण' ही जुनी नोंद त्यामुळे बिनकामाची नाही. मूळ फेरफार काढा आणि वर्दी (नोंद करा अशी तलाठ्याला दिलेली खबर) कुणी दिली ते पाहा. सावकाराने स्वतः 'ताबेगहाण' म्हणून वर्दी दिली असेल तर कागद कसा वाचायचा याचा तो त्याच्याच घरचा पुरावा आहे. १९६८ च्या नोंदीखाली कोणता दस्त किंवा हुकूम लिहिलाय तेही पाहा. नुसत्या तोंडी जबाबावर गहाणाची खरेदी होत नाही. मात्र तिथे शेतकऱ्यांच्या जुन्या कर्जांचा निकाल लावणाऱ्या कर्जनिवारण कोर्टाचा निवाडा निघाला तर प्रकरण बहुधा तिथेच संपले.

वडील 'मुदत खरेदी' म्हणत, यात नवल नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत कोर्ट सावकाराच्या वहीच्या मुळाशी जाऊ लागले. तेव्हा सावकारांनी गहाणाचे कागद खरेदीच्या भाषेत लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढे त्याच कायद्यात, कागद खरेदीचा असला तरी व्यवहार गहाणाचा होता हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची सोय झाली. १९४७ च्या कर्जनिवारण कायद्याने जुना कायदा गेला आणि ती सोयही गेली. आज दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. 'पणजोबांनी फक्त बियाणे आणि कापड उधार नेले होते' ही घरची आठवण खरी असली तरी कोर्टात तिचा उपयोग थोडा.

प्रत्यक्ष जमीन कोण कसतो, हे तुम्ही लिहिलेले नाही. सावकाराने ती वाट्याने कुणाला लावली असेल आणि त्या कुटुंबाला १९५७ नंतर कूळ कायद्याच्या कलम ३२ ग प्रमाणे जमिनीची किंमत ठरून प्रमाणपत्र मिळाले असेल, तर गहाण सुटूनही जमीन हाती येणार नाही. गहाण घेणारा स्वतः कूळ होत नाही. पण त्याने लावलेल्या कुळाला त्या कायद्याचे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने दाह्या लाला प्रकरणात ठरवले आहे. तहसीलमधून कुळाची नोंद आधी तपासा.

कागद ताबेगहाणाचा निघाला तर दिवाणी न्यायालयात संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम ८३ खाली ६०० रुपये भरा. होय, सहाशेच, आजच्या बाजारभावाचा प्रश्न नाही. विहीर, ताली यांसारख्या आवश्यक सुधारणांचा खर्च सावकाराचे वारस मागू शकतात, त्याचा हिशेब दाव्यात होईल. मग गहाण सोडवून ताबा मिळण्याचा दावा. एकट्याने आपल्या हिश्श्यापुरता आणता येत नाही. पणजोबांच्या सर्व वारसांना, सासरी गेलेल्या आत्या-बहिणींसह, वादी नाहीतर प्रतिवादी करा. नवीन सावकारी कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करण्याचा सल्ला मिळेल, पण तो गेल्या १५ वर्षांतल्या व्यवहारांपुरता आहे.

सगळ्यात आधी मात्र जाहीर नोटिशीला उत्तर द्या. त्यात दिलेल्या मुदतीत, रजिस्टर पोच टपालाने, गट नंबर आणि १९३४ च्या दस्ताचा उल्लेख करून हरकत नोंदवा; तशीच प्रत सावकाराच्या वारसांना पाठवा. उत्तर न दिल्याने हक्क बुडत नाही, पण पुढे खरेदीदार 'मला माहीत नव्हते' म्हणेल. खरेदीखत होण्याआधी दावा दाखल झाला तर नंतरचा खरेदीदार संपत्ती हस्तांतरण कायद्याच्याच कलम ५२ प्रमाणे निकालाला बांधील राहतो. सोबत मनाईचा अर्ज द्या. आणि खरेदीखत होऊनच गेले, तर त्याच्याकडून ताबा मागायला तुम्हाला कळल्यापासून १२ वर्षेच आहेत. म्हणून नोटिशीचे कात्रण तारखेसह जपून ठेवा.