छोट्या होडीवर जीपीएस चार्टप्लॉटर नेमका कुठे बसवावा?

चार्टप्लॉटर, म्हणजे होडी कुठे आहे ते समुद्राच्या नकाशावर दाखवणारं यंत्र, कुठे बसवावं असं तुम्ही विचारलंय. तुमचा फिटर सांगतोय त्याच जागी, म्हणजे स्टिअरिंगच्या बरोबर समोर आणि होकायंत्राला चिकटून, मी माझा प्लॉटर बसवला होता. दीड वर्षाने काढला. त्यामुळे कन्सोलला, म्हणजे स्टिअरिंग बसवलेल्या खोक्याला, भोकं पाडण्याआधी हे वाचा.

तुम्ही लिहिलंय की होडी १९ फुटी फायबरची आहे, मध्ये उघडा कन्सोल, मागे आउटबोर्ड इंजिन, यंत्र ७ इंची आणि येणं-जाणं रेवदंड्याच्या खाडीतून. माझी होडी हर्णैला असते, तुमच्यापेक्षा दीड फूट मोठी, बाकी मांडणी तीच. मासेमारी हा आमचा घरचा धंदा, पण मी स्वतः सुट्टीच्या दिवशी गळ टाकणारा आहे. अनुभव माझ्या एकाच होडीचा आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी होकायंत्र, कारण माझी चूक तिथे झाली. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाची सर आली आणि किनारा दिसेनासा झाला. त्याच वेळी प्लॉटर बंद. नंतर कळलं की मागच्या प्लगमध्ये खारं पाणी जाऊन पिनांवर हिरवा थर चढला होता. म्हटलं, होका आहे ना! पूर्वेला नाळ (होडीचं पुढचं टोक) धरली आणि आलो दहाएक किलोमीटर. सर ओसरली तेव्हा सुवर्णदुर्ग उजव्या हाताला. तो डाव्या हाताला दिसायला हवा होता. म्हणजे मी दोनेक किलोमीटर वर, आंजर्ल्याच्या बाजूला सरकलो होतो.

होडी धक्क्याला बांधून तपासलं. यंत्र ब्रॅकेटमधून उचललं की होक्याची तबकडी १२ अंश फिरायची, परत ठेवलं की पुन्हा जागेवर. त्यात भर म्हणून ब्रॅकेटला मी हार्डवेअरच्या दुकानातले साधे लोखंडी स्क्रू मारले होते. दीड वर्ष हे लक्षात आलं नाही, कारण मी रोज प्लॉटर बघूनच होडी हाकत होतो. होक्याकडे बघितलं ते नेमकं प्लॉटर गेल्यावर. हिशेब सोपा आहे: १ अंशाची चूक असेल तर ६० किलोमीटरला सुमारे १ किलोमीटर बाजूला जाता. १२ अंश आणि १० किलोमीटर, म्हणजे दोन किलोमीटर.

बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत होकायंत्रापासून किती अंतर ठेवायचं ते छापलेलं असतं. तुमच्या मॉडेलचा आकडा बघा आणि तो पाळा. व्हीएचएफ सेटच्या, म्हणजे होडीवरच्या रेडिओच्या, स्पीकरमध्ये तर उघडउघड चुंबक असतो, त्यामुळे तोही लांबच हवा. वायरही विसरू नका. डीसी करंट जाणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, म्हणून प्लस आणि मायनसच्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या, म्हणजे एकीचा परिणाम दुसरी बहुतेक खोडून काढते.

भोक पाडण्याआधी धक्क्यावर अर्धा तास द्या. होडी घट्ट बांधा. एकाने यंत्र हातात धरून ठरवलेल्या जागेकडे सावकाश न्यायचं, दुसऱ्याने फक्त तबकडीकडे बघायचं. मग यंत्र चालू-बंद करून बघा, व्हीएचएफचं बटण दाबून बघा. तबकडी हलली की जागा बाद. हेच नाळ वेगळ्या दिशेला वळवून पुन्हा करा, कारण एका दिशेला न दिसलेली चूक दुसऱ्या दिशेला दिसते. आपल्याला एक सोय आहे: कोकण किनाऱ्यावर खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक जेमतेम अंश-दीड अंशाचा. त्यामुळे शांत पाण्यात, भरती-ओहोटीचा ओढा नसताना, सरळ चालत्या होडीवर प्लॉटरची दिशा आणि होक्याची दिशा यांत सात-आठ अंश फरक दिसला तर दोष कन्सोलवरच्या कशाचा तरी आहे असं समजा.

आता ऊन. परदेशी व्हिडिओंमध्ये याबद्दल जे सांगतात ते आपल्या किनाऱ्याला जसंच्या तसं लागू होत नाही. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी बाहेर पडता तेव्हा सूर्य पाठीशी, संध्याकाळी परत येता तेव्हाही पाठीशीच. म्हणजे दोन्ही वेळा तिरपं ऊन तुमच्या खांद्यावरून थेट स्क्रीनवर. आणि संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी, जिथे स्क्रीन खरोखर वाचायला लागते, तिथे त्यात तुमचा स्वतःचा शर्ट दिसतो. हसू नका, मी पांढरा शर्ट घालणं यासाठी सोडलंय. वर-खाली कलवता येणारं ब्रॅकेट इथे कामाला येतं: स्क्रीन किंचित खाली झुकवली की चकाकी बरीच कमी होते. पोलरॉइड गॉगल लावत असाल तर दुकानातच यंत्र चालू करून, गॉगल घालून, मान दोन्हीकडे वाकवून बघा. काही स्क्रीन एका कोनात चक्क काळ्या पडतात.

उंचीबद्दल माझं मत ठाम आहे. उभं राहून चालवताना यंत्राची वरची कड क्षितिजाच्या बरीच खाली हवी. स्क्रीन डोळ्यांसमोर असावी असं सगळे सांगतात, पण जाळ्यांचे बोये आणि दिव्याशिवाय उभी असलेली होडी प्लॉटरवर दिसत नाही. त्यातून वेग घेताना नाळ वर उठते आणि समोरचं आधीच कमी दिसतं. नजर किंचित खाली टाकली की स्क्रीन, उचलली की पाणी, एवढं जमलं पाहिजे. अंतर हातभर. चाळिशी लागली असेल तर चष्मा घालून आणि न घालता, दोन्ही करून बघा.

डावं की उजवं? तुमचं थ्रॉटल (इंजिनचा वेग कमी-जास्त करायचा दांडा) उजव्या हाताला असणार, मग यंत्र डावीकडे. लाटांत उजवा हात थ्रॉटलवरून निघत नाही. उजवीकडच्या स्क्रीनला डावा हात न्यायचा तर तो स्टिअरिंगवरून आडवा जातो, आणि तेवढ्यात होडी वळते. टचस्क्रीन असेल तर हेही माहीत असू द्या की काचेवर खाऱ्या पाण्याचे थेंब पडले की ती स्वतःच बोटं लावल्यासारखी वागते. बटणंही असलेलं मॉडेल घेतलं असेल तर उत्तम.

कन्सोल कापून आत बसवायचा की ब्रॅकेटवर? छोट्या होडीवर ब्रॅकेटच. आत बसवलेला दिसतो छान, पण कापलेली जागा परत भरून येत नाही, कोन बदलता येत नाही आणि रोज घरी नेता येत नाही. आपल्या होड्या बंदरात उघड्यावर नांगरलेल्या असतात. चोरी होते, ऊन खातं, मीठ साचतं. आणि जून-जुलैत मासेमारी बंदीच्या काळात होडी वर ओढली की यंत्र तसंही कपाटातच हवं. यंत्रावर आयपीएक्स७ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. होडी धुताना प्रेशरच्या पाइपने त्यावर फवारा मारावा असा त्याचा अर्थ नाही.

उपग्रहाचा सिग्नल ही तुमच्यासाठी चिंता नाही. फायबर आणि कापडी छतातून तो येतो, पत्र्यातून येत नाही. उघड्या कन्सोलवर प्रश्नच नाही. फक्त व्हीएचएफच्या अँटेनापासून मीटरभर लांब ठेवा, आणि सरकारी योजनेतला ट्रान्सपॉन्डर (होडीची जागा किनाऱ्याला कळवणारं यंत्र) लागला असेल तर त्याच्या अँटेनापासूनही.

जागा पक्की वाटली तरी लगेच ड्रिल नको. यंत्राच्या मापाचा पुठ्ठा कापा, चिकटपट्टीने लावा आणि एक फेरी मारून या. माझा पुठ्ठा पहिल्याच वळणावर गुडघ्याने पडला. मग कळलं की लाटेत मी गुडघा नेमका तिथे टेकतो. नवी जागा त्यावरूनच ठरली.

भोकं पाडताना वर मास्किंग टेप लावा आणि पहिले काही फेरे ड्रिल उलटं फिरवा, म्हणजे वरचा जेलकोट, फायबरवरचा चकचकीत थर, तडकत नाही. कन्सोलचं फायबर पातळ असतं, नुसत्या स्क्रूवर यंत्र आदळून आदळून ढिलं होतं. आतून मरीन प्लायचा तुकडा आणि आरपार ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट. भोकात सीलंट भरा. वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल आणि प्लगपर्यंत जाणार नाही. वायर कथिलाचा मुलामा असलेली घ्या, फ्यूज बॅटरीजवळ टाका. इंजिनला स्टार्टर मारताना प्लॉटर बंद होऊन पुन्हा चालू होत असेल तर बॅटरी अशक्त आहे किंवा वायर बारीक. यंत्राला शिव्या देऊ नका.

तुमच्या यंत्रात फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारी सोय) पण आहे असं वाचलं, म्हणजे मागे ट्रान्सड्यूसर, पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी टिपणारा भाग, येणार. त्याची केबल कापून लहान करू नका, जास्तीची कन्सोलमध्ये गुंडाळून ठेवा. ती इंजिनच्या वायरींसोबत एकाच पाइपमधून नेली तर पडद्यावर खोटे ठिपके येतात. केबल कन्सोलपर्यंत पोचते का, हे भोक पाडण्याआधी मोजा. माझी एक वीत कमी पडली होती.

एक राहिलंच. यंत्र कुठेही बसवा, रेवदंड्याच्या तोंडाशी त्यातल्या खोलीच्या आकड्यांवर डोळे मिटून जाऊ नका. पावसाळ्यात खाडीच्या मुखाची वाळू जागा बदलते, नकाशातला आकडा जुना असतो. ऑगस्टमध्ये होडी पाण्यात घातलीत की पहिली फेरी भरतीला, तिथल्या एखाद्या जुन्या तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) सोबत घेऊन करा आणि तो नेईल ती वाट प्लॉटरमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. दोन-तीन फेऱ्यांच्या त्या रेघा मला विकतच्या नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडतात. मात्र दर वर्षी जुन्या पुसून नव्या काढायच्या.