गाव शहरात गेलं, नाव कुठे गेलं?

प्रश्न : हद्दवाढीत आमची ग्रामपंचायत नगर परिषदेत जाणार, असं कानावर आहे. सातबारावरचं गावाचं नाव जाईल का? आत्ताच काय करून ठेवावं? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : सातबारावरचं नाव जात नाही. ग्रामपंचायत वेगळी, महसुली गाव वेगळं. ग्रामपंचायत संपते, गाव तलाठ्याच्या दप्तरात तसंच राहतं. ३ जुलै २००९ रोजी चार नगर परिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. निर्मळ, वाघोली, गास ही नावं तिथे आजही आहेत.

खरी अडचण गावठाणातल्या घरांची. त्यांना बहुधा सातबारा नसतो. हाताशी असतो तो नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-कर आकारणी नोंदवहीचा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या. दप्तर नगर परिषदेकडे जाताना घर क्रमांक बदलतो, एखादं पान हरवतं, आणि कर्ज किंवा वारसनोंदीच्या वेळी जुना-नवा क्रमांक जुळत नाही. म्हणून नमुना ८, बांधकाम परवानगी आणि घरातल्या जन्म-मृत्यू नोंदींच्या सही-शिक्क्याच्या नकला ग्रामसेवकाकडून आत्ताच घ्या. पुढे नवा मालमत्ता क्रमांक मिळाला, की दोन्ही क्रमांक एकाच कागदावर लिहून मागा. तोंडी आश्वासनावर राहू नका.

हद्दवाढीला हरकत असेल तर प्रारूप अधिसूचनेवर, म्हणजे सरकारच्या जाहीर मसुद्यावर लक्ष ठेवा. ती निघाल्यापासून हरकतींना किमान ३० दिवस मिळतात. हरकत जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. नुसता ‘आमचा विरोध आहे’ असा अर्ज कोणी मनावर घेत नाही. भातशेती किती, पाणी कुठून येतं, रोजगार हमीची कामं किती घरांना लागतात ते लिहा. शहरी हद्दीत ती योजना लागू नाही, ग्रामसभाही उरत नाही.

प्रश्न : मग गावांची नावं बोलण्यातून का जातात?

उत्तर : पत्त्यामुळे. नवी मुंबईकडच्या खारघरमध्ये ओवे, मुर्बी, कोपरा, बेलपाडा ही गावं आहेत, पण पत्ता सेक्टरचा. खारघर ज्या पनवेल महापालिकेत आहे, ती २०१६ ची. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाचे सेक्टर त्याआधीचे, म्हणजे दोष एकट्या विलीनीकरणाचा नाही. वसईकडच्या नाळे आणि सोपारा या दोन गावांचं तर नालासोपारा झालं, तेही आधी स्थानकाच्या पाटीवर. रस्त्याला किंवा चौकाला गावाचं नाव द्यायला पालिकेचा ठराव पुरतो. सोसायटीच्या पाटीवर आणि आधारच्या पत्त्यात गावाचं नाव घालायला तोही लागत नाही.