‘देवाने मला शिक्षा केली, त्याबद्दल त्याचे उपकार’: हा प्रयोग बरोबर आहे का?

प्रश्न असा आला आहे: एका मंडळीच्या रविवारच्या उपासनेत साक्ष देताना, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सर्वांसमोर सांगताना, एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “देवाने मला वेळीच शिक्षा केली, त्याबद्दल मी त्याचे उपकार मानतो.” प्रश्नकर्त्या बाईंसोबत आलेल्या, ख्रिस्ती नसलेल्या मैत्रिणीला हे वाक्य खटकले. शिक्षा भोगायची असते, तिच्याबद्दल उपकार कसले मानायचे, असे तिचे म्हणणे. तेव्हा येथे ‘शिस्त’ हा शब्द अधिक योग्य ठरेल का, असे बाईंनी विचारले आहे.

माझ्या मते वाक्य निर्दोष आहे आणि त्यातला ‘शिक्षा’ हा शब्द बदलू नये. मैत्रिणीचे खटकणेही समजण्यासारखे आहे, कारण आजच्या मराठीत शिक्षा म्हटले की न्यायालय आठवते. शिक्षा ठोठावतात, ती भोगतात, ती माफ होते. परंतु ज्या ‘शिक्ष्’ धातूपासून हा शब्द आला, तो ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे या धातूचे इच्छार्थक रूप आहे. समर्थ होऊ पाहणे, म्हणून शिकणे. हिंदीत शिक्षा म्हणजे अजूनही विद्याच. मराठीने विद्येसाठी ‘शिक्षण’ राखले आणि ‘शिक्षा’ दंडाकडे सरकली, तरी दोहोंमधला दुवा आपल्या तोंडी शिल्लक आहेच. ‘थांब, तुला चांगला धडा शिकवतो’ असे म्हणणारा काही वही-पुस्तक घेऊन बसणार नसतो.

बायबलच्या मूळ भाषांतही हीच सरमिसळ आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 12व्या अध्यायात, देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, असा ‘नीतिसूत्रे’ या बायबलातल्याच जुन्या ग्रंथातला विचार उद्धृत केला आहे, आणि तेथे ग्रीक शब्द ‘पायदेइया’ आहे. ‘पाइस’ म्हणजे मूल, त्यावरून मुलाला वाढवणे, घडवणे, असा त्याचा अर्थ. याच कुळातले क्रियापद प्रेषितांच्या कृत्यांत मोशे मिसरी लोकांची सर्व विद्या शिकला हे सांगताना येते, आणि लूकच्या शुभवर्तमानात रोमी सुभेदार पिलात येशूला मारून सोडून देण्याची भाषा करतो तेथेही येते. एकच क्रियापद राजवाड्यातल्या अध्ययनालाही चालते आणि सुभेदाराच्या फटक्यांनाही, त्यामुळे भाषांतरकाराची पंचाईत होणारच. नेहमीच्या मराठी बायबलात इफिसकरांस पत्रात मुलांना प्रभूच्या ‘शिस्तीत’ वाढवावे असे आहे, आणि इब्री लोकांस पत्रात मात्र त्याच ग्रीक शब्दाला ‘शिक्षा’ आहे. मला हा भेद रास्त वाटतो. पहिल्या ठिकाणी घरातल्या रोजच्या वळणाचा विषय आहे, तर दुसऱ्या ठिकाणी लेखकाला दुखण्याबद्दलच बोलायचे आहे.

म्हणूनच साक्षीत ‘शिस्त’ घालू नये. हा शब्द मुळात फारसीतून आलेला, नेम धरणे या अर्थाचा. पुढे त्याला रांगेचा, कवायतीचा अर्थ चिकटला. ‘देवाने मला शिस्त लावली’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, हे गृहस्थ पहाटे उठू लागले असावेत. ज्याचे काहीतरी मोडले, ज्याला मान खाली घालावी लागली आणि मग मार्ग बदलावा लागला, त्याचा अनुभव या शब्दात मावत नाही.

‘दंड’ तर मुळीच चालणार नाही, आणि त्याचे कारण केवळ भाषिक नाही. नीतिसूत्रांतला मूळ हिब्रू शब्द ‘मूसार’ यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 53व्या अध्यायातही येतो. आम्हांला शांती मिळावी म्हणून जी शिक्षा व्हायची ती देवाच्या एका दुःख सोसणाऱ्या सेवकाला झाली, असे तेथे म्हटले आहे, आणि ख्रिस्ती वाचक ते येशूविषयी समजून वाचतो. दंड अशा रीतीने भरून झाला अशी ज्याची श्रद्धा आहे, त्याच्या वाट्याला येते ती बापाच्या हातची शिक्षा. त्या गृहस्थांना उपकार मानता येतात ते याच आधारावर.

एक पोटमुद्दा. ‘शिक्षेबद्दल उपकार’ म्हणावे, ‘शिक्षेसाठी’ नव्हे. ‘या दिवसासाठी धन्यवाद’ अशी प्रार्थना सर्रास कानी पडते, पण मराठीत ‘साठी’ने पुढचा हेतू कळतो, झालेल्या गोष्टीची कृतज्ञता ‘बद्दल’ने सांगतात.

त्या वाक्यातले खरे पाहण्यासारखे शब्द माझ्या दृष्टीने ‘मला’ आणि ‘केली’ हे आहेत. आधी ‘केली’ पाहू. इब्री लोकांस पत्राचा लेखक स्पष्टच सांगतो की कोणतीही शिक्षा त्या वेळी आनंदाची वाटत नाही, खेदाचीच वाटते; तिचे फळ पुढे मिळते, आणि तेही तिच्याकडून ज्यांना वळण लागते त्यांना. येथल्या ‘वळणा’साठी ग्रीकमध्ये व्यायामशाळेतला शब्द आहे. आपल्याकडे ‘तालीम’ हा शब्द मूळ अरबीत शिक्षणाचा असून मराठीत आखाड्याचा झाला, त्याच्या हे फार जवळ जाते. तेव्हा दुखणे चालू असतानाच हसतमुखाने आभार मानावेत, अशी सक्ती पवित्र शास्त्र करत नाही. साक्ष भूतकाळात दिली जाते, हे ठीकच आहे.

आता ‘मला’. हे वाक्य प्रथमपुरुषात शोभते. दावीद राजाने, त्याच्या पापाबद्दल नाथान संदेष्ट्याने सुनावलेले बोल ऐकून, ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे’ एवढेच म्हटले. मूळ हिब्रूत ते दोनच शब्द आहेत, आणि सबब एकही नाही. पुढे दावीदाच्या एका मुलाचे नाव नाथान असल्याचे इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात आढळते. ते संदेष्ट्यावरून ठेवले असे शास्त्र म्हणत नाही, पण तसे वाटून जाते खरे. उलट ‘त्याला देवाने शिक्षा केली’ असे शेजाऱ्याच्या आजारपणावर बोलताना म्हटले, की व्याकरण तेच राहून वाक्य दुष्ट होते. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने तो प्रश्नच मोडीत काढला. निर्दोष असून संकटे सोसणाऱ्या ईयोबाचा मित्र अलीफज तर त्याला तोंडावर सांगतो की देव ज्याला शासन करतो तो धन्य, त्याचे ताडन तुच्छ मानू नकोस. शब्द जवळजवळ नीतिसूत्रांतलेच, ‘मूसार’सुद्धा तोच. तरी ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप अलीफजावर आणि त्याच्या दोघा मित्रांवर होतो, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे काम ईयोबाकडे येते.