अल्टरनेटर बदलायच्या आधी

भाऊ, जुन्या मारुतीत बॅटरीचा लाल दिवा लागला म्हणून लगेच अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा भाग) काढायला धावू नका. आधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन सुरू केल्यावर १३.८ ते १४.४ यायला हवेत. आकडा चढतच नसेल तर:

- इंजिन बंद करून अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट दाबून पाहा. ढिला किंवा तडकलेला असतो.
- टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर घासून काढा. अर्थिंगची वायरही (बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी) तपासा, ती हमखास राहून जाते.

आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग) गेला समजा.

आणि चालू गाडीत टर्मिनल काढून 'टेस्ट' करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, अल्टरनेटरमधले डायोड (एसी विजेचं डीसी करणारे भाग) उडतात. नागपूरच्या मे महिन्यात बॅटरीचं पाणीही बघत जा; फक्त डिस्टिल्ड. अल्टरनेटरच्या आतल्या ब्रश-बेअरिंगचं नंतर बघू.