सरपंचांची संध्याकाळ

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील एका गावचा सरपंच आहे. सकाळी सातपासून ओट्यावर माणसे बसलेली असतात आणि रात्री जेवतानाही फोन थांबत नाही. परवा दहावीतल्या मुलीने निबंधाची वही दाखवायला आणली आणि मी फोनवर आहे असे पाहून ती तशीच परत नेली. घरासाठी वेळ राखून ठेवला, तर गाव नाराज होईल का?

उत्तर : काही जण होतील, आणि तेवढे सोसावे लागेल. मात्र आपल्यावाचून गाव अडते, हा समज कायद्यालाही मान्य नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार सरपंचाच्या गैरहजेरीत उपसरपंच काम पाहतात. नमुना आठचा उतारा, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या नोंदीची नक्कल, किंवा जन्माचा दाखला ही तर कार्यालयाची कामे, जी लोक केवळ सवयीने आपल्या ओट्यावर घेऊन येतात. ग्रामसभेला आणि मासिक सभेला आपण हवेच. पण पाण्याची मोटार जळाली म्हणून रात्री नऊला आपणच कशाला?

भेटीची वेळ कार्यालयाच्या फलकावर लिहा, आणि संध्याकाळी सात ते नऊ फोन उपसरपंचांकडे वळवा. अर्थात त्यांना आधी विश्वासात घेऊन, नाहीतर नवे राजकारण सुरू व्हायचे. आग, अपघात, मयत एवढेच अपवाद. द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीत बागायतदार कोणाच्या हाकेला ओ देत नाही, याचा राग तुमच्या तालुक्यात कोणी धरत नाही. मग मुलीच्या परीक्षेचे कारण सांगायला संकोच कसला? आणि ती वही आजच स्वतः मागून घ्या.