‘खुश राहा गं’ असं मी पण सांगून बसले होते

“मॅडम, सातवा चाललाय पण तिला बाळाचा आनंदच नाही, सारखी रडते, बाळावर परिणाम होईल का?” हा प्रश्न मला इतक्यांदा येतो ना, आणि बहुतेक वेळा बाई स्वतः विचारतच नाही, नणंद विचारते नाहीतर आशाताई. उत्तराआधी एक केस सांगते. नाव बदललंय, बाकी तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत, मालवण-देवगड पट्ट्यातली एक वाडी एवढंच धरा.

रेश्मा पहिल्यांदा भेटली ती मे महिन्यातल्या 9 तारखेला, म्हणजे सुरक्षित मातृत्वाची तपासणी असते त्या दिवशी. सहावा महिना, आधीच्या दोन मुली, नवरा ट्रॉलरवर खलाशी, ही जेटीवर सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायला जायची, किलोमागे पैसे. वजन वाढत नव्हतं आणि लोहाच्या गोळ्यांची पाकिटं घरात जशीच्या तशी, म्हणून आशाताईने तिला ओढत आणली होती. सगळ्यांचं ओरडून झालं होतं, मग मी पण समुपदेशक म्हणून काय दिवे लावले तर म्हटलं, “अगो, बाळासाठी तरी खुश राहा, आईच्या मनाचं बाळाला कळतं.” तिने मान हलवली. पुढचा महिनाभर ती फिरकलीच नाही.

नंतर तिनेच सांगितलं, “तुमी असा बोललात तेव्हापासून माका रडूक पण भय वाटता, बाळाक काय झाला तर?” म्हणजे आधीचं ओझं होतंच, त्यावर मी अजून एक पाटी चढवली. आजही आठवलं की लाज वाटते.

जूनमध्ये आशाताई परत घेऊन आली तेव्हा मी मनाबिनाचं काही विचारलंच नाही, विचारलं की घरात तांदूळ किती दिवसांचा आहे. तिथे ती बोलायला लागली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, नवऱ्याने मालकाकडून उचल आधीच घेतलेली, आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यासाठीचं, सामान भरलेलं नाही, जेटीवर काम नाही, आणि फायनान्सवाल्यांचा आठवड्याचा हप्ता मात्र बंद नाही. सकाळची पेज आधी मुलींना, उरली तर हिला. गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळायचं म्हणून गोळ्या बंद, आणि आम्ही सगळे तिला आळशी म्हणत होतो! त्यात सासूचं चालूच, यावेळी मुलगाच हवा.

मग डिप्रेशनचा अंदाज घ्यायची एडिनबरा प्रश्नावली घेतली. 1987 साली बाळंतिणींसाठी बनवलेली 10 प्रश्नांची यादी आहे, गरोदरपणातही वापरतात, मागच्या 7 दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारायचं, जास्तीत जास्त मार्क 30. साधारण 13 किंवा त्याच्या पुढे गेलं की आम्ही सावध होतो, त्यावरून लगेच आजार ठरत नाही, पण डॉक्टरने नीट बघायला हवं. तिला वाचता येत नाही म्हणून तोंडी विचारत होते, बाहेर असला पाऊस की पत्र्याच्या आवाजात प्रत्येक प्रश्न दोनदा ओरडून सांगावा लागत होता. दहावा प्रश्न स्वतःला इजा करायच्या विचारांचा. तो काय ओपीडीत ओरडून विचारणार? तिला लशींच्या फ्रीजच्या खोलीत नेलं, आशाताईलाही बाहेर थांबवलं. नवरा मारतो का, हेही तिथेच विचारलं. मारत नव्हता. दहाव्या प्रश्नावर मात्र हळूच म्हणाली, “निजल्यावर उठूकच नको असा वाटता.”

असं विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही भीती खोटी आहे. उलट तिचा हात सैल पडला, इतका वेळ पदराचं टोक पिळत होती. मार्क 17 आले. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायला पाठवलं, कारण तेही थकवा आणि उदासी आणतात, नणंदेला सांगितलं की हिला एकटं ठेवायचं नाही, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दोघींच्या फोनमध्ये घातला, फुकट आहे, रात्रीही लागतो. मानसोपचार डॉक्टरांनी तिला गोळी दिली नाही, दर आठवड्याला भेटायचं ठरलं. माझ्याकडच्या दुसऱ्या एकीला गोळी लागली होती. गरोदरपणात देता येतात अशी औषधं असतात, ते डॉक्टर ठरवतात, फक्त चालू असलेली गोळी घाबरून आपल्या मनाने बंद करू नका.

बाकी मी केलं ते फार भारी नव्हतंच. गोळी जेवणानंतर. संध्याकाळी अर्धा तास शेजारणीच्या पडवीत गजालीला बसायचं, काम न घेता. रेशनकार्डावर तिचं आणि मुलींचं नावच चढलेलं नव्हतं, तो अर्ज भरला. तिसरं बाळ म्हणून सरकारच्या मातृवंदना योजनेचे पैसे बसत नव्हते, तिथे काही करता आलं नाही. गोव्यात 2002 साली छापलेल्या एका अभ्यासात बाळंतिणींपैकी सुमारे 23 टक्के जणींना डिप्रेशन दिसलं होतं, आणि त्यामागे उपासमार, नवऱ्याचा मार, मुलगी झाल्याचं दुःख, हेच सगळं. पुढे तिथे वाडीतल्याच बायकांना शिकवून गरोदर बायकांच्या घरी पाठवायचा प्रयोग झाला, जादू नाही झाली पण थोडा फरक पडला. आमच्या शेजारणीला कोणी शिकवलं नव्हतं, ती आपली सुकट निवडत ऐकून घ्यायची.

आता बाळाचं. महिनोन्‌महिने डिप्रेशन अंगावर काढलं तर वजन कमी भरणं, दिवस भरायच्या आधी बाळंत होणं हे जास्त दिसतं, त्यातलं काही न जेवण्यातून, न झोपण्यातून, तपासण्या चुकण्यातून येतं. पण चार दिवस रडली म्हणून बाळाचं नुकसान झालं असं होत नाही, हे तिला स्पष्ट सांगा. आणि दोन आठवडे झाले तरी रडू, झोप नाही, कशातच रस नाही असं असेल तर डोहाळे म्हणून सोडू नका, दवाखान्यात घेऊन या.

नारळी पौर्णिमेनंतर रेश्माला मुलगी झाली. सासू दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बाळाला तेल लावायला बसली. सहा आठवड्यांनी तेच 10 प्रश्न विचारले, 8 आले. वाईट दिवस अजून येतात तिला. नव्या बाळाचं नाव कार्डावर चढवायला पुढच्या बुधवारी येतेय, त्या दिवशी जेटीवर काम कमी असतं म्हणाली.